कळलावीची गोळी

आमचा डॉक्टर किरण हुशार आहे, पण त्याला गप्प बसता येत नाही. सावद्याच्या केळीवाल्याचा मुलगा. हृदयाचं शिक्षण घ्यायला बाहेर गेला, परत आला आणि जळगावच्या आमच्या दवाखान्यात रुजू झाला. पेशंटला आपला आजार समजलाच पाहिजे, हा त्याचा हट्ट. बाकीचे डॉक्टर 'गोळ्या घ्या, तेल कमी करा' म्हणून पुढच्या खाटेकडे वळतात. हा खाटेच्या कडेला बसतो, कागद मागतो आणि नळ्या काढायला लागतो. मी त्याच्या वॉर्डाची सिस्टर, हेमलता. माहेर आणि सासर दोन्ही धुळ्याला, देवपुरात. नोकरीची वर्षं मात्र सगळी जळगावात गेली. माझा आवाज मोठा आणि डोकं तापट आहे हे वॉर्डातल्या पंख्यांनासुद्धा माहीत असेल. डॉक्टर बोलत बसला की त्याला उठवायचं काम माझ्याकडे असतं.

गेंदा बारेला आमच्याकडे आला तेव्हा श्रावण लागला होता. यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचा पाडा. पन्नाशी उलटलेला, काटकुळा माणूस. पावसावरची थोडी शेती आणि हंगामात सावद्याकडे केळीचे घड वाहायचं काम. घड वाहतानाच छातीत दुखायला लागलं, डावा हात बधिर झाला. अशा वेळी माणूस ओझं टाकून देतो. याने घड खाली नीट पानांवर ठेवला, मार लागू दिला नाही, आणि मग बसला. केळीला डाग पडला तर व्यापारी घेत नाही, हे त्याच्या हाडात भिनलेलं. त्याचा मुलगा विक्रम त्याच टोळीत होता, म्हणून वेळेवर गाडी मिळाली. हृदयाची एक मोठी नळी बंद झाली होती. डॉक्टर किरणने गुठळी ओढून काढली आणि नळी उघडी राहावी म्हणून आत तारेची स्प्रिंग बसवली.

गेंदाला बरं वाटायला लागलं तसा त्याने प्रश्न विचारला. तूपलोणी आपण सणालासुद्धा पाहत नाही, अंगावर चरबी औषधाला नाही, मग नळी भरली कशाने? झालं. डॉक्टरने कागद मागवला. मी कपाळाला हात लावला, पण खरं सांगायचं तर मीसुद्धा ऐकत उभी राहिले.

डॉक्टर सांगत होता की बिडीच्या धुराने नळीचं आतलं अस्तर खरवडतं आणि रक्तातली चरबी तिथून भिंतीत झिरपते. अंगावर चरबी नसली तरी रक्तात ती असतेच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. परकं काही दिसलं की धावून जायचं आणि खाऊन टाकायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्या भिंतीत शिरतात, चरबी खातात, खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. मेलेल्यांना उचलायला आणखी येतात, त्याही अडकतात. असं वर्षानुवर्षं चाललं की भिंतीच्या आत एक गळू तयार होतं. एक दिवस त्या गळवाचं तोंड फुटतं. रक्ताला वाटतं जखम झाली, म्हणून ते तिथे गोठायला लागतं. त्यात पांढऱ्या पेशींची आणखी एक जात येते, ती आपल्या पोटातले धागे बाहेर फेकून जाळं टाकते. जाळं जंतू पकडायला असतं. तिथे जंतू नसतातच, मग त्यात रक्त अडकतं आणि गुठळी आणखी घट्ट होते.

गेंदाने बराच वेळ कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, म्हणजे आपल्याच माणसांनी रस्ता बंद केला. डॉक्टर इतका खूश झाला की त्याने त्याच्या खांद्यावर थाप मारली. बायको चमेलीबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती घरी पावरी बोलायची आणि आमच्याशी बाजारात शिकलेली अहिराणी. डॉक्टरचं सगळं बोलणं तिला कळत होतं असं नाही, पण ती त्याच्या तोंडावरून नजर काढत नव्हती.

इथेच डॉक्टरने थांबायला हवं होतं. पण नाही. त्याने एक बारीकशी गोळी हातावर घेतली आणि म्हणाला की या राखणदारांना जरा शांत करणारी ही गोळी. सांधेदुखीवर लोक ती फार पूर्वीपासून घेतात, हृदयासाठी आता आता द्यायला लागले आहेत. तुमच्या रक्ताच्या तपासणीत सूज फार दिसते, म्हणून तुम्हाला देतोय. आणि ही येते कुठून, माहीत आहे? तुमच्याच डोंगरातून. कुंपणावर चढते बघा, लालपिवळ्या फुलांची कळलावी, तिच्यापासून हे औषध काढतात.

त्याने हे कौतुकाने सांगितलं. तुमच्या रानातलं झाड जगभरच्या माणसांची हृदयं सांभाळतंय, असं त्याला म्हणायचं होतं. चमेलीबाईने पदर तोंडाला लावला. ती लाजली असेल, असं आम्हाला वाटलं. त्या वेळी वॉर्डात कुणालाच काही कळलं नाही.

आमच्या औषधाच्या खिडकीची एक पद्धत आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाकिटं द्यायची नाहीत. गोळ्या सोडवून कागदाच्या पुड्यांत घालायच्या, सकाळच्या पुडीवर सूर्य काढायचा आणि रात्रीच्या पुडीवर चंद्र. वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत आहे आणि चांगली चालते. गेंदाच्या सूर्याच्या पुडीत तीन तऱ्हेच्या गोळ्या होत्या: रक्त गोठू न देणाऱ्या दोन आणि ही बारीक तिसरी. रंगाने सगळ्या पांढऱ्याच. घरी जाताना मी त्याला दहादा बजावलं की या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. स्प्रिंग नवीन आहे, शरीराला ती अजून परकीच वाटते. गोळ्या थांबल्या की तिच्यावर रक्त गोठतं, आणि मग पाड्यावरून जळगावला पोचेपर्यंत माणूस राहत नाही. गेंदाने मान हलवली, चमेलीबाईनेही हलवली.

घरी गेलेल्यांना फोन करून विचारपूस करायची, हे काम मी माझ्या हौसेने करते. विक्रमचा नंबर माझ्याकडे होता. पहिल्या वेळी तो म्हणाला, घेतात ना गोळ्या. दुसऱ्या वेळीही तेच म्हणाला, पण घाईने. पुढच्या पुड्या न्यायची तारीख आली तरी कुणी आलं नाही. मी पुन्हा फोन लावला आणि जरा आवाज चढवला. तेव्हा कुठे पोरगा म्हणाला, बाई, तुम्ही येऊन आईला सांगा, ती माझं ऐकत नाही. घरी गेले त्या दिवसापासून आईने गोळ्या बंद केल्या आहेत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी डॉक्टरला सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. निघतो म्हणाला, पण बाहेर पेशंटची रांग लागलेली होती. मी म्हटलं, तू इथेच मर, मी जाते. पुड्या नव्या करून घेतल्या आणि यावलची एसटी पकडली. खिडकीतून दोन्ही बाजूंना केळीच केळी दिसत होती आणि मी त्या बाईला काय काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते. इतका खर्च, इतके हात, डॉक्टरची इतकी धावपळ, आणि हिने काय केलं, असं सगळं. यावलला विक्रम मोटारसायकल घेऊन उभा होता. पुढचा रस्ता चिखलाचा. मी साडी गुडघ्यापर्यंत ओढून बसले आणि तोंडाने पोराला झोडपत गेले. तो बिचारा ऐकून घेत होता.

गेंदा ओट्यावर बसून दोरी वळत होता. जिवंत आहे हे पाहून माझा जीव भांड्यात पडला आणि मग राग दुप्पट झाला. मी विचारलं, दम लागतो का? तो म्हणाला, चढावर थोडा लागतो. छातीत? थोडं दाबल्यासारखं होतं, मग बसतो. मी चमेलीबाईकडे वळले. ती चुलीपुढून उठून दारात आली होती. मी तोंड उघडण्याआधी तिनेच विचारलं.

"बाई, खरं सांग. त्या गोळ्यास्मा कळलावी शे का नही?"

खोटं बोलायचं म्हटलं तर सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण ती माझ्या डोळ्यांत बघत होती आणि मला जमलं नाही. मी म्हटलं, "एक गोळीमा शे."

"मंग मी त्याले आपला हातघाई इख कसं देऊ?" ती म्हणाली. इख म्हणजे विष. "कोन्ती गोळी कळलावीनी, कोन्ती नही, आम्हले काय समजस? म्हनीसन बठ्ठ्याच बंद करी टाक्यात."

मग तिने मला कुंपणाशी नेलं. बोराटीच्या काट्यांवर वेल चढला होता आणि फुलं ऐन भरात होती, पाकळ्या वर वळलेल्या, खाली पिवळ्या आणि टोकाला लाल. इतकं देखणं फूल, पण शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही, असं तिने सांगितलं. अडलेल्या बाळंतिणीच्या तळपायाला याचा कंद उगाळून लावायचे, लावून लगेच धुवायचे. पोटात घ्यायचं नाव नाही. तिची धाकटी बहीण तानुबाई एका पावसाळ्यात रानात कंद खणायला गेली होती. घरात धान्य नव्हतं. चिखलात वेल तुटून गेला आणि कंद तेवढा हातात राहिला, तो तिने खायचा समजून उकडला. आधी मुलांना देणार होती, पण कडू आहे का बघू म्हणून स्वतः खाल्ला. ओकाऱ्या झाल्या, जुलाब झाले. दुसऱ्या दिवशी उठून बसली, सगळ्यांशी बोलली, चमेलीबाईला म्हणाली की आता बरं वाटतंय. तिसऱ्या दिवशी गेली.

मी जुळवून आणलेलं सगळं भाषण तिथेच चिखलात पडलं. हिने औषध टाकलं ते आळसाने नाही, अडाणीपणाने नाही. ज्याने बहीण नेली ते ती नवऱ्याच्या तोंडात कसं घालणार? मला भरून आलं. पण भरून येऊन स्प्रिंग उघडी राहणार नव्हती, म्हणून मी डोळे पुसले आणि कामाला लागले.

ओट्यावर बसून मी पुडी ताटात ओतली. गोळ्या तीन जागी वेगळ्या केल्या. या दोन तऱ्हांच्या गोळ्यांचा कळलावीशी काडीचा संबंध नाही, हे मी तिला सांगितलं. डॉक्टरने कागदावर काढलं होतं तेच मी चुलीतली राख ओट्यावर पसरून तीत बोटाने काढलं: ही नळी, हे गळू, ही तार. अंगाचे राखणदार त्या तारेभोवती जमतात, रक्त तिथे थांबायला लागतं, आणि या गोळ्या ते थांबू देत नाहीत. तुझा नवरा चढावर बसतो ना, ते याचंच लक्षण असेल. चमेलीबाई त्या रेघांकडे पाहत राहिली. मग आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि नवऱ्याच्या हातात दिला. गेंदाने दोन्ही गोळ्या माझ्यासमोर घेतल्या. त्याला उद्याच्या उद्या तपासायला जळगावला आणायचं, हेही तिने कबूल केलं.

राहिली तिसरी. मी म्हटलं, विष आणि औषध यांत मापाचा फरक असतो, यात कळलावीचं सत्त्व कणाहूनही कमी आहे. ती नुसती नकाराची मान हलवत होती. माझं डोकं पुन्हा तापलं. मी ती बारीक गोळी उचलली आणि तिच्यासमोर तोंडात टाकून वर पाणी प्यायले. म्हटलं, बघ, मेले का मी?

चमेलीबाईने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "आज काही व्हत नही, बाई," ती म्हणाली. "तानी बी तिसरा दिन गई."

मी त्या गोळ्या वेगळ्या पुडीत बांधल्या, वर सूर्यचंद्राऐवजी फूल काढलं आणि सांगितलं की ही कळलावीची, यात काही लपवलेलं नाही. रोज एकच, जास्त कधीच नाही. द्यायची की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा. निघताना तिने माझ्या पिशवीत गवारीच्या शेंगा भरल्या. विक्रम मला परत सोडताना म्हणाला की आईने मावशीचं नाव इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा घेतलं.

दुसऱ्या दिवशी गेंदा आला. डॉक्टरने नळी तपासली. स्प्रिंग उघडी होती. कडेला थोडं जमायला लागलं होतं, ते औषधाने सुटेल असं तो म्हणाला. मी त्याला तानुबाईचं सांगितलं. मी पेशंटची गोळी खाल्ली म्हणून आधी मला बोलला. मग म्हणाला, सिस्टर, त्या पाड्याचे डोंगर माझ्या गावातून डोळ्यांनी दिसतात, आणि मला हे माहीत नव्हतं. त्याने चमेलीबाईला बोलावलं आणि माफी मागितली. तिला ते फार विचित्र वाटलं असावं, कारण ती घाईघाईने बाहेर निघून गेली.

त्यानंतर मला फोन यायला लागले. विक्रमचा नंबर, पण बोलायची चमेलीबाई. बाई, पोट बरं शे का? उलटी-बिलटी? झोप लागनी? मला आधी कळेना की ही माझी एवढी काळजी का करतेय. मग उमगलं की ही माझ्या मरणाची वाट बघतेय, आणि मी मरू नये म्हणून देवाला हात जोडतेय, दोन्ही एकाच वेळी. मी पोट धरून हसले. पूनम म्हणून आमची नवी सिस्टर आहे, तिला सांगता सांगता हसताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या दिवसानंतर आणखी एक फोन आला. मी म्हटलं, चमेलीबाई, मी ठणठणीत आहे, कालच वॉर्डबॉयशी भांडले. ती 'बरं' म्हणाली आणि मग फोन बंद झाले. आता तिची खात्री पटली, असं मी धरून चालले.

पुढे गेंदा यायची तारीख होती, पण त्याच्या आधीच एका सकाळी दोघं दवाखान्यात हजर झाली. गेंदाच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. बिडी सुटली होती, चढावर बसावं लागत नव्हतं. डॉक्टरने विचारलं, आज कसं येणं केलं? चमेलीबाईने फुलाची पुडी पुढे केली. रिकामी. त्या गोळ्या संपल्या, आणखी द्या, एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, माझ्याही. बाकीच्या पुड्यांत गोळ्या शिल्लक होत्या आणि हीच तेवढी संपली होती. म्हणजे दिवसाला दोन पोटात जात होत्या. जी गोळी मापात औषध आणि मापाबाहेर विष, तीच दुप्पट. डॉक्टरने गेंदाला खाटेवर निजवलं, पोट दाबून पाहिलं, उलटी होते का, जुलाब होतात का, हातपाय गळतात का, सगळं विचारलं. गेंदा प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत होता आणि गोंधळून बायकोकडे बघत होता. मी रोज एकच खातो, तो पुन्हा पुन्हा सांगत होता. माझा संयम सुटला. मी चमेलीबाईला दंडाला धरून विचारलं की दुसरी गोळी कुठे गेली, खरं बोल.

"मी खादी," ती म्हणाली.

मग ती सावकाश सांगायला लागली, जमिनीकडे बघत. मी पाड्यावरून गेल्यावर पहिले आठ-दहा दिवस तिने नवऱ्याला ती गोळी दिलीच नाही. रोज स्वतः खाल्ली. एक दिवसाने कळत नाही, तिसऱ्या दिवसानेही पक्कं कळत नाही, म्हणून खात राहिली. आपल्याला काही होत नाही असं पाहिलं, मग त्याला सुरू केली. पण स्वतःची थांबवली नाही. सकाळी उठून आधी एक आपण घ्यायची, उन्हं वर येईपर्यंत वाट बघायची, आणि मग त्याला द्यायची.

मी म्हटलं, "अगं, मी तुझ्यासमोर खाल्ली होती ना? तू रोज फोन करून बघत होतीस ना, मी जगले ते?"

"तू दवाखानामा ऱ्हास," चमेलीबाई म्हणाली. "तुले काही व्हतं, ते हाऊ डॉक्टर तुले वाचाडता. आम्हले तठे कोन शे? तठे खाईसन मी जगनी, म्हंजे तो बी जगी."

डॉक्टर किरण, ज्याला गप्प बसता येत नाही, तो गप्प होता. मग त्याने तिचं रक्त तपासायला घ्यायला सांगितलं. मी सुई घेऊन आले. इतर बायका सुई पाहिली की तोंड फिरवतात, हिने हात सरळ पुढे केला आणि विचारलं की नवऱ्याचं घ्यायचं असेल तर तेही माझंच चालेल का. मी तिला रागावले. पुन्हा रागवायला गेले आणि तिचा हात धरून नुसती उभी राहिले. रिपोर्ट पुढे चांगलाच आला, पण त्या वेळी ते आम्हाला माहीत नव्हतं.

गेंदा खाटेवरून उठून बसला होता. हा माणूस दवाखान्यात आल्यापासून मोजकंच बोलला होता, बाकी सगळं बायकोच बोलली होती. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो तिच्याकडे पाहत होता आणि त्याचा खालचा ओठ हलत होता.

"आन तू मरी जाती ते?" तो म्हणाला. "मी जगीसन काय करतू?"

"केळी वाहतू," चमेलीबाई म्हणाली. "दुसरं काय."

पूनम पडद्याआड हसली आणि लगेच नाक ओढायला लागली. डॉक्टरने खिडकीवरून गोळ्या मागवल्या. मी नेहमीसारखी पुडी बांधली, वर फूल काढलं आणि सवयीने चमेलीबाईपुढे धरली. तिने हात पुढे केला होता. गेंदाने मधूनच ती पुडी घेतली, बंडीच्या आतल्या खिशात सारली आणि खिशावर तळहात दाबून धरला. चमेलीबाईने त्याचं मनगट ओढून पाहिलं. घड वाहणारा तो हात तिला काही हलवता आला नाही. बाहेर विक्रम गाडी लावून उभा होता. जिना उतरेपर्यंत ती पुडी मागत होती आणि तो देत नव्हता.